वरचा ओठ

ट्यूब करंगळीएवढी, तिच्या टोपणालाच मागे टोचा – उलटं धरून दाबलं की सील फुटतं, हे ठाऊक असूनही तिने ट्यूब दाताशी नेली आणि तशीच थांबली, कारण डॉक्टरीणबाईंनी काल बजावलं होतं, नाकाचा हात तोंडाला नाही, तोंडाचा हात कशालाच नाही, ताई. म्हणजे आता पन्नाशी उलटल्यावर नाक कुठलं नि तोंड कुठलं ते शिकायचं! तिला हसू आलं. मलम पांढरं निघालं, बिनवासाचं. मसुराच्या डाळीएवढं बोटावर घ्यायचं, दोन्ही नाकपुड्यांत आतून फिरवायचं, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, आणि मग पुन्हा नाकात कापसाची काडी घालून तपासणी... आयुष्यभर नाकाने कांदे सोलले, टॉवेल कुठे टाकलास, हात धुतलेस का, जेवायच्या टेबलावर कात्री कशाला, म्हणून अख्ख्या वर्कशॉपला सळो की पळो करून सोडलं, आणि जंतू सापडला तो माझ्याच नाकात. कळलं तर पोट धरून हसतील. हसू देत बापडे.

तिने मान मागे केली, एक डोळा आरशावर ठेवून बोट आत घातलं, आणि बोट निसटलं. मलम नाकाच्या खाली लागलं – वरच्या ओठावर, नाक आणि तोंड यांच्यामधल्या त्या बोटभर पट्टीवर – थंड, गुळगुळीत, वळत गेलेलं. आणि त्या जागेने ते ओळखलं. तिच्या आधी ओळखलं. पायाची कड... तयार झालेल्या पायाची कड, खिडकीशी नेऊन, डोळे मिटून, इथून सुरू करून पूर्ण गोल फिरवून परत इथे. इथेच, नाकाच्या खाली.

ती बेसिन धरून उभी राहिली. नळ चालूच होता.

ती पाय करते. ज्यांचा पाय कापला गेला त्यांना लावायचे पाय. आणि त्यातही तिचं काम सॉकेटचं, म्हणजे उरलेला पाय ज्या पोकळीत बसतो त्या प्लास्टिकच्या पेल्याचं. खालचा पंजा काय, नळी काय, कुणीही जोडेल, पण पेल्याची कड जर कुठे केसभर जरी उभी राहिली तर दिवसभराच्या चालण्यात ती कातडं सोलून काढते. कानसेने घासायचं, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा घासायचं. आणि मग तपासायचं कसं? बोटाने, असं तिलाही वाटायचं, नवीन होती तेव्हा. मिस्त्री म्हणाला होता – ज्याच्या हाताखाली ती शिकली तो म्हातारा मिस्त्री, आता नाही तो – म्हणाला, ‘बोटं खोटं बोलतात. प्लास्टरने बथ्थड झालेली बोटं, त्यांना काय कळतंय! इथे लाव.’ आणि त्याने स्वतःच्या मिशीखाली कड फिरवून दाखवली. ती लाजली, तर डाफरला, ‘त्या माणसाला जन्मभर ह्याच्यावर उभं राहायचंय, तुला क्षणभर लाजायला काय होतं?’ त्या दिवसापासून तिच्या हातून गेलेला एकही पाय ओठाला लावल्याशिवाय गेलेला नाही. पुसून द्यायचे, हो, फडक्याने पुसून द्यायचे – पण ओठ लावायचा तो पुसल्यानंतर. धूळ असली तर कळत नाही ना.

पुसल्यानंतर.

काल डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना विचारलं होतं तेच तिलाही विचारलं, काम करताना एखादी वस्तू चेहऱ्याजवळ नेता का? आणि ती म्हणाली होती, छे! हे खोटं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. दिवसातून पापणी कधी लवते असं विचारलं तर माणूस काय सांगणार आहे? ते काही चेहऱ्याजवळ नेणं नव्हतं, ते तपासणं होतं... तिने चेहरा धुतला, मग आठवलं की मलमही धुतलं गेलं, मग पुन्हा मसुराच्या डाळीएवढं.

‘अगं, तुझा टॉवेल तिकडे, निळा,’ बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. त्याने कालच नवा खिळा ठोकला होता, दाराच्या पलीकडच्या बाजूला, आणि त्यावर नवा निळा टॉवेल. उशीचा अभ्राही वेगळा. ‘डॉक्टरांनीच सांगितलंय ना, म्हणून,’ तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर इतकी काळजी होती की भांडायचीही सोय नव्हती. तिने निळ्या टॉवेलला तोंड पुसलं. नव्या टॉवेलने पाणी टिपलं जात नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं. त्याला सांगावं का? काय सांगायचं – अहो, तो जंतू माझ्या नाकातून पायाला गेला, पायातून त्या शिवणवाल्या बाईला? तो म्हणेल, तुला काय माहीत? आणि खरंच, मला काय माहीत?

रस्त्याने जाताना तिच्या डोक्यात एक वकील बसला आणि बोलत राहिला. मुळात जंतू पुष्कळांच्या अंगावर असतो, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. नाकात गुमान बसून राहतो, ज्याच्या नाकात त्याला काही होत नाही. कातडं फाटलं तिथे शिरला की मग त्याचे रंग दिसतात, आणि हा जो आहे तो नेहमीच्या गोळ्यांना भीक घालत नाही, म्हणून एवढी पळापळ. चौघा पेशंटना फोड आले. तिघांचे बरे झाले. चौथी शिवणवाली – मशीनवर शिवायची बाई, बसखाली पाय गेलेली, गुडघ्याखाली – तिचा फोड हाडापर्यंत गेला, औषधामागून औषध बदललं, आणि शेवटी गुडघा काढावा लागला. गुडघा होता तोवर ती पायडल मारत होती... आता नाही मारता येणार. पण वकील म्हणाला, टॉवेल होते की! एकाच टॉवेलला सगळे हात पुसत होते, तू ओरडत होतीस ना? प्लास्टरचं पाणी होतं, तेच पाणी दोघा-दोघांना. आणि दोघांच्या नाकात सापडलाय म्हणाल्या, एकट्या तुझ्या नाही. दुसरा कोण ते सगळ्या वर्कशॉपला माहीत होतं, कारण त्याने स्वतःच सांगून टाकलं होतं. पावडर. प्लास्टरच्या पट्ट्या भिजवणारा, भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा, म्हणून पावडर. त्याच्या कोपराखाली चार-पाच महिन्यांमागे हा एवढा फोड आला होता, उघडाच घेऊन हिंडत होता शहाणा, आणि तिनेच त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. मग तोच. उघड आहे. तोच असू दे.

असू दे! – हे ती रस्त्यात मोठ्याने म्हणाली की काय, पुढून येणाऱ्या बाईने वळून पाहिलं. तिला स्वतःची शिसारी आली. लहान पोरांचा बाप तो, आणि आपण मनातल्या मनात त्याच्या गळ्यात लोढणं बांधतोय, का, तर आपली मान मोकळी व्हावी. खाई त्याला खवखवे म्हणतात ते हेच. घशात नाही, ओठावर खवखवत होतं, मास्कच्या आत, तिथेच.

वर्कशॉपमध्ये साबणाचा नवा वास होता आणि जो तो आपापल्या कोपऱ्यात होता. पावडरला पेशंटच्या खोलीत यायला बंदी झाली होती. त्याला फळीच्या पार्टिशनपलीकडे बसवून पट्ट्या कापायला दिल्या होत्या, त्याही हातमोजे घालून, आणि महिनाअखेरीला काय ते ठरवू असं वरून सांगितलं होतं. काय ते म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. एरवी सकाळी त्याचं काहीतरी चालायचं – ताई, आज कुठला पाय, डावा की उजवा, की तुमचा नेहमीचा मधला? – असले पाचकळ विनोद, आणि तिने म्हणायचं, उचलली जीभ लावली टाळ्याला. आज तिनेच पार्टिशनशी थांबून विचारलं, ‘मलम लावलंस?’

‘लावलं.’ मग कात्री खाली ठेवून तो म्हणाला, ‘ताई, त्या शिवणवाल्या बाई आज येणारेत ना मापाला? मला त्यांच्या पाया पडायचंय. पण मला आत येता येत नाही. माझ्यामुळे गुडघा गेला हो त्यांचा.’

‘असं कुणी म्हटलं?’

‘म्हणायला कशाला पाहिजे? फोड कुणाला होता?’

तिने म्हणायला हवं होतं – काय म्हणायला हवं होतं ते तिला स्वच्छ माहीत होतं, शब्द तोंडात तयार होते, चार-पाच तर शब्द. ती म्हणाली, ‘डॉक्टर म्हणाल्यात, कुणाकडून कुणाला गेलं हे सांगता येत नाही. जिवाला लावून घेऊ नकोस.’ हे खरंच होतं. यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि तिला वाटलं, इतकं खोटं आपण जन्मात बोललो नाही. तो मान हलवून पुन्हा पट्ट्या कापायला लागला.

मग ती एका तयार पायाशी बसली, पोस्टमनचा पाय, उद्या न्यायला येणार होता. हातमोजे चढवून तिने कडेवरून बोट फिरवलं. काही नाही. रबरावर रबर. पुन्हा फिरवलं, डोळे मिटून. आतल्या बाजूला काहीतरी आहे असं वाटलं, मग नाही असं वाटलं, मग आपल्याला नुसतं वाटतंय असं वाटलं. हातमोजा काढून, हात धुऊन पाहिलं, तर बोटं ती तशीच, मिस्त्री म्हणायचा तशी, बथ्थड. ओठ मात्र मास्कच्या आत जागा होता... एकदाच लावला तर? पाण्याने धुऊन देऊ, स्पिरिटने पुसून देऊ. तिचा हात पाय घेऊन खिडकीकडे निघालासुद्धा होता, सवयीने, तिला न विचारता, आणि मास्क हनुवटीखाली ओढायला दुसरा हात वर आला होता. तेव्हा तिने पाय टेबलावर असा आपटला की पावडरने पलीकडून विचारलं, ‘ताई, काय पडलं?’

‘काही नाही.’

हा हात माझा नाही, तिला वाटलं. म्हणजे माझाच, पण मला विचारत नाही. आणि मग ज्या गोष्टीचा तिला आयुष्यात सगळ्यात जास्त अभिमान होता तिच्याकडे तिने पहिल्यांदा लांबून पाहिलं – खिडकीशी डोळे मिटून उभी असलेली एक बाई, जिच्याकडे बघून नवीन पोरं कुजबुजायची की ताईंच्या कामात चूक निघत नाही. कधी निघाली नाही. कडेत निघाली नाही. चौघांच्या पायांना फोड आले तेव्हा सगळ्यात आधी तिनेच ते पाय परत मागवून कडा तपासल्या होत्या, एकूण एक, आणि छाती ठोकून सांगितलं होतं, कडा निर्दोष आहेत. तपासल्या कशाने?

ओठाने.

डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या, तरुण, घाईतल्या, दारातूनच म्हणाल्या, ‘काय ताई, मलम चालू आहे ना? काही त्रास?’ इथे बोलायचं. यांच्याशी बोलणं सोपं होतं; त्यांना राग येणार नाही, त्या म्हणतील, अरे वा, बरं झालं सांगितलंत, आणि पुढच्या कामाला लागतील. पण मग ते वर जाईल, तिथून सगळीकडे जाईल, आणि उद्या पोस्टमन म्हणेल, माझा पाय दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. हे एवढंच काम येतं मला. दुसरं काही येत नाही. ‘नाही, त्रास नाही काही,’ ती म्हणाली. डॉक्टरीणबाई गेल्या.

दुपारी शिवणवाली आली. कुबड्यांवर, वाळलेली, पण केस नीट विंचरलेले, आणि ब्लाउजच्या बाहीला तिनेच लावलेली बारीक लेस. दारातूनच म्हणाली, ‘ताई, आले मी पुन्हा! तुम्हाला काम नको का?’ तिला दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं, उरलेल्या मांडीवर मोजा चढवला, पेन्सिलीने खुणा केल्या. शेवटच्या मापाच्या वेळी याच खुणा गुडघ्याच्या खाली केल्या होत्या. भिजवलेल्या पट्ट्या एकावर एक गुंडाळत गेली, वरून खाली, सुरकुती न पडू देता, आणि मग दोन्ही पंजे मांडीभोवती लावून बसली. हे असंच बसायचं असतं; प्लास्टर घट्ट होईपर्यंत हात काढायचे नाहीत, दाब बदलायचा नाही, कारण हातांचा जो आकार तोच सॉकेटचा आकार. शिवणवाली वर, ती खाली स्टुलावर. मांडी हलकी थरथरत होती.

‘तो पांढरा दादा दिसत नाही आज?’ शिवणवालीने विचारलं. मग वाकून, आवाज खाली आणून, ‘बरं झालं लांब ठेवलंत. लोक सांगतात ना, त्याच्या हाताला फोड होता. मला राग नाही त्याचा, कुणी मुद्दाम करतं का? पण भीती वाटते हो. तुम्ही आहात म्हणून आले. नाहीतर आई म्हणत होती, परत त्या जागी पाऊल टाकू नकोस.’

आवाज खाली आणला होता, पण फळीचं पार्टिशन ते. पलीकडची कात्री थांबली.

‘एक विचारू?’ शिवणवाली म्हणाली. ‘हसायचं नाही हं. मागच्या वेळी पाय न्यायला आले तेव्हा दार किलकिलं होतं, आणि मी पाहिलं. तुम्ही माझा पाय खिडकीशी नेलात आणि त्याची पापी घेतलीत.’

प्लास्टर तापायला लागलं होतं, घट्ट होताना तापतंच ते, हातमोज्यातूनही कळत होतं.

‘घरी जाऊन आईला सांगितलं मी. म्हटलं, अगं, माझ्यानं त्या पायाकडे बघवत नव्हतं, कपाटात टाकावासा वाटत होता, आणि त्या बाईंनी त्याची पापी घेतली, बाळाची घ्यावी तशी. त्या रात्री मी तो उशाशी घेऊन झोपले. वेडी म्हणाल मला.’ ती हसली. ‘ह्याचीही घ्याल ना? मास्क आहे, चालेल, मास्कवरून घ्या.’

आधी राग आला. भयंकर राग – कुणी सांगितलं होतं हिला बघायला, आणि बघितलं तर बघितलं, असा अर्थ काढायला, आणि काढला तर काढला, मला सांगायला? चांगली माणसं अशी चांगली वागून दुसऱ्याला कुठे तोंड दाखवायची जागा ठेवत नाहीत. उठून जावं, हात धुवावे, घरी जावं... पण हात काढता येत नव्हते, माप बिघडलं असतं. उशाशी! तो पाय उशाशी घेऊन झोपली, तोंडाजवळ, केसांजवळ. आणि मग राग कुठे गेला ते कळलं नाही. त्याच्या जागी एक लाजिरवाणी गोष्ट राहिली, ती अशी की, ही पापी मला हवी होती. मी घेतली नव्हती, पण हवी होती. इतकी वर्षं पाय केले, कुणी म्हटलं कड छान आहे, कुणी म्हटलं ताई तुमचा हात सोन्याचा, पण असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं आहे तर मी गप्प बसले की ते माझंच राहणार आहे, कायमचं. कुणाला कळणार आहे? मिस्त्री गेला. नवरा म्हणेल, तुला काय माहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच आहेत, सांगता येत नाही. राहिला पावडर, तर त्याने आपणहूनच मान पुढे केली आहे. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं, चांगल्या सॉकेटसारखं, कुठेच टोचत नव्हतं.

पलीकडून कात्रीचा आवाज अजून येत नव्हता. तो ऐकत होता. आपला गुन्हा ऐकत होता तो, जो त्याचा होता की नव्हता हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि तो त्याचा नसेलही हे माहीत असलेलं माणूस या जगात एकच होतं.

‘ती पापी नव्हती हो,’ ती म्हणाली.

‘मग काय होतं?’ शिवणवालीने विचारलं, अजून हसतच. तिला वाटलं असणार, ताई लाजल्या.

सकाळपासून भीती होती ती नोकरीची, नावाची, पोस्टमनची. त्यातलं काही आत्ता सापडेना. आत्ता भीती होती ती फक्त वरून खाली बघणाऱ्या त्या डोळ्यांची, की आता थोड्या वेळाने ते असे बघणार नाहीत. रडूही येत होतं, आणि मास्कच्या आत वरचा ओठ घामाने ओला झाला होता, पण हात स्थिर होते, प्लास्टर जवळजवळ घट्ट झालं होतं आणि मांडीची थरथरही थांबली होती.

‘सांगते,’ ती म्हणाली, जरा मोठ्याने, पार्टिशनपलीकडे ऐकू जाईल इतक्या आवाजात, आणि पहिलं वाक्य कुठून सुरू करायचं – मिस्त्रीपासून, खिडकीपासून, की आज सकाळच्या मलमापासून – हे तिला अजून अजिबात कळत नव्हतं.